मामींचा खोटा कबुलीजबाब

सुलभामामींनी मला फसवलं. मी त्यांना गोत्यात आणलेलं नाही. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट उलटी सांगितली जाते. बारशाला, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर माझ्याच साखरपुड्यात, व्याह्यांसमोर. त्या उलट्या गोष्टीत मामी हुशार ठरतात, मी शिंगं रोखून भिंतीवर धावून जाणारा बोकड ठरतो आणि लोक हसतात. हसोत बापडे. मी ज्या भिंतीविषयी बोलत होतो ती भिंत अजून फ्रँकफर्टमध्ये उभी आहे, आणि ती माझ्या बाजूची आहे.

मी मूळचा कराडचा. टाइल्सच्या दुकानात पेट्या उतरवत उतरवत त्याच दुकानाचा भागीदार झालो, रात्रीचं कॉलेज करून सिव्हिलचा डिप्लोमा घेतला, आणि मग कुणाच्या शिफारशीशिवाय जर्मनीत शिकायला गेलो. घासाघीस हा माझा मूळ विषय, बाकीचे विषय नंतर आले. जर्मनीत पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की हा विषय तिथे शिकवतच नाहीत. संध्याकाळी बेकरी बंद व्हायच्या वेळी मी पावाकडे बोट दाखवून म्हणालो, "बाई, हा सकाळचा आहे, आता त्याचं वय झालं." बाई म्हणाल्या, "आमचेही झाले आहे, पण किंमत तीच." अशा देशात माझ्यासारख्या माणसाने करायचं काय? मी चिडलो, पाव घेतला आणि दोन कागदी पिशव्या मागून घेतल्या. एक पाव, दोन पिशव्या. काहीतरी जिंकून बाहेर पडलं पाहिजे.

राहायला मी अरविंदमामांकडे होतो. मामा एश्बॉर्नला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचे आणि घरात मामी सांगतील ते काम करायचे. घर तिसऱ्या मजल्यावर, अडीच खोल्यांचं. जर्मन लोक अर्धी खोलीही मोजतात, आणि त्या अर्ध्या खोलीत मी, इस्त्रीचं टेबल आणि मामींचं लोणच्याचं संस्थान असे तिघे राहायचो. सकाळी कुकरची शिट्टी झाली की खालच्या मजल्यावरून घरमालकीण फ्राउ लांगहान्स जिन्यात येऊन ओरडायच्या, "आलेस इन ओर्डनुंग?" म्हणजे सगळं ठीक आहे ना? मामी वरून ओरडायच्या, "या, या! डाळ!" म्हणजे हो, हो, डाळ. दुसरी शिट्टी, दुसऱ्यांदा तोच प्रश्न. तिसऱ्या शिट्टीनंतर दोन्ही घरं शांत. वर्षानुवर्षं हा संवाद चालला, आणि मला वाटतं, बाईंना अजूनही 'डाळ' हे एखाद्या यंत्राचं नाव वाटत असावं. संध्याकाळी ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर पडल्या की छताला लावलेला धुराचा अलार्म किंचाळायचा. मग मामा स्टुलावर चढून त्याला टॉवेलने वारा घालायचे, आणि मामी खालून म्हणायच्या, "अहो, जोरात हलवा, आरती ओवाळताय का?" मिरच्या थांबायच्या नाहीत. आमच्याकडे कुणाला ठसका लागला नाही तर ठेचा जमला नाही असं समजायचे.

मी काय शिकतोय हे मामांच्या मित्रमंडळींना समजावणं हा एक वेगळाच अभ्यासक्रम होता. शनिवारी कुणीतरी यायचं, पोहे खायचं आणि विचारायचं, "म्हणजे तू सिव्हिल इंजिनिअर का?" नाही. "आर्किटेक्ट?" नाही. आर्किटेक्ट चुका करतो, मी त्या मोजतो. इमारत उभी राहिल्यावर ती जशी हवी तशी झाली आहे का, कुठे ओल आहे, कुठे तडा आहे, तडा जुना की नवा, दोष बांधणाऱ्याचा की राहणाऱ्याचा, हे सगळं पाहून लिहायचं. हे शिकून माणूस बँकेत घरांचं मूल्यांकन करू शकतो, विमा कंपनीत जळक्या स्वयंपाकघरांची पाहणी करू शकतो, नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात बसून लोकांच्या गच्च्यांना नाही म्हणू शकतो, नाहीतर मोठ्या इमारतींची देखभाल सांभाळू शकतो. आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे गुटाख्टर. दोन माणसं भांडत असतात, तेव्हा गुटाख्टर येतो, भिंतीवर टकटक करतो आणि कोण खोटारडा आहे ते सांगतो. त्याबद्दल लोक त्याला मान देतात! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्या स्वभावाची नोकरी या देशाने आधीच तयार करून ठेवली आहे. मामी मात्र कराडला फोनवर सांगायच्या, "भिंतीला कान लावतो. पगार चांगला मिळतो म्हणे. मुलगी बघायला हरकत नाही."

आमचे मुख्य प्राध्यापक होते त्स्विबेल. त्स्विबेल म्हणजे कांदा, त्यामुळे घरात त्यांचं नाव कांदेसर. बारीक, उंच, कोटाच्या खिशात नेहमी एक छोटी हातोडी. शेवटच्या सत्रात त्यांनी सांगितलं की प्रत्येकाने एका खऱ्या घराची, खऱ्या भांडणाची तपासणी करायची. त्यांच्या नियमात भांडण जिवंत पाहिजे, दोन्ही पक्ष जागेवर हजर पाहिजेत, आणि त्यांच्यासमोर विद्यार्थ्याने दोष कुणाचा ते दाखवायचं. ज्याचं काम सर्वांत चांगलं होईल त्याला ते त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या गुटाख्टरच्या कार्यालयात घेऊन जाणार होते. जागा एकच. वर्गातल्या बाकीच्यांना भांडण शोधत गावभर हिंडावं लागलं. मला हिंडावं लागलं नाही. माझ्या घरात भांडण होतं.

मामा-मामींच्या झोपायच्या खोलीत, बाल्कनीशेजारच्या कोपऱ्यात, खाली जमिनीलगत काळी बुरशी यायची. फ्राउ लांगहान्स म्हणायच्या, तुम्ही खिडक्या उघडत नाही, डाळ शिजवता, वाफ कोंडते, म्हणून बुरशी. जर्मनीत घराला हवा देणं हा जवळजवळ धर्म आहे. कडाक्याच्या थंडीतसुद्धा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, दहा मिनिटं कुडकुडायचं, मग बंद करायच्या. याला ते ष्टोसल्युफ्टन म्हणतात. बाई अलीकडे आणखीही एक बोलू लागल्या होत्या. त्यांच्या पुतण्याला घर हवंय, आणि घर नीट न वापरणाऱ्या भाडेकरूंपेक्षा पुतण्या बरा. फ्रँकफर्टमध्ये घर मिळणं किती अवघड ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. मामींनी त्या दिवसापासून फोडणीत हिंग कमी केला. पण मी एका दुपारी त्या कोपऱ्यासमोर पालथा पडून पाहिलं आणि आनंदाने ओरडलो. बाल्कनीचा काँक्रीटचा स्लॅब मधे थंडी अडवणारं काहीही न घालता सरळ घराच्या आत आला होता. बाहेरची थंडी त्या स्लॅबवरून चालत चालत मामांच्या गादीपर्यंत पोचत होती. थंड कोपऱ्यावर घरातली साधी हवासुद्धा घाम सोडते. दोष घराचा! मामी निर्दोष! मी मामींना म्हणालो, "मामी, तुमची इज्जत आता माझ्या हातात आहे." त्या म्हणाल्या, "आधी शर्टाची बुरशी झटक."

केस पक्की करायची तर मामींचं वागणं धुतल्या तांदळासारखं पाहिजे. म्हणून त्या वर्षी लवकर आलेल्या थंडीची पर्वा न करता उन्हाळ्याच्या शेवटापासून मी घरात कडक शिस्त लावली. सकाळी उठल्यावर, दुपारी आणि झोपण्यापूर्वी सगळ्या खिडक्या उघड्या. मामी स्वेटर, त्यावर मामांचं जाकीट, डोक्याला माकडटोपी अशा थाटात खोलीच्या मधोमध उभ्या राहून रामरक्षा म्हणायच्या. मामा पांघरुणात बसून फक्त नाक बाहेर काढायचे. "अरे दिनू, पैसे देऊन तापवलेली हवा रस्त्यावर सोडतोस, तुझ्यासारख्या माणसाला शोभतं का?" असं त्या विचारायच्या, आणि हा प्रश्न मला फार लागायचा, कारण तो बरोबर होता. पण त्या उभ्या राहिल्या. एक दिवस चुकला नाही. हे मी स्वतः पाहिलं आहे, हे लक्षात ठेवा.

कांदेसरांनी पाहणीची तारीख दिली. मी सवयीने म्हणालो, "एक आठवडा पुढे?" ते म्हणाले, "फेब्रुवारीत मोकळा आहे." मी म्हणालो, "मग हीच उत्तम." ती तारीख मी घरी सांगितली तेव्हा मामी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून फक्त "बरं" म्हणाल्या. तो 'बरं' मला आज, केस पांढरे झाल्यावरही, झोपेत ऐकू येतो.

कारण त्या दिवशी खंडेनवमी होती. मी सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर पाटावर लाल कापड, त्यावर मामांचा लॅपटॉप, मामींची विळी, कुकर, मिक्सरचं भांडं, आणि त्यांच्यामध्ये ओळीने मांडलेली माझी हत्यारं! ओल मोजायचा मीटर, अंतर मोजायचा लेझर, हातोडी, आणि होखशूलमधून, म्हणजे आमच्या कॉलेजातून, सही करून आणलेला उष्णता दाखवणारा कॅमेरा. सगळ्यांना हळद-कुंकू, वर अक्षता, वर बाउमार्क्टमधून, म्हणजे खिळ्यांपासून रोपांपर्यंत सगळं विकणाऱ्या दुकानातून, आणलेल्या कुंडीतला झेंडू. कॅमेऱ्याच्या काचेवर ठसठशीत कुंकवाचं बोट. वरती दोऱ्याला देवीच्या कडाकण्या, तळलेल्या कडक गोड पुऱ्या, लोंबत होत्या.

"मामी!" मी ओरडलो. "हे काय केलंत?"

"पूजा केली. वर्षभर चालतात ना हत्यारं? एक दिवस मान नको त्यांना?"

"दहा वाजता कांदेसर येणार आहेत!"

"येऊ देत. पुरण केलंय. पण हत्यार आज उचलायचं नाही. उद्या उत्तरपूजा झाली की उचल."

मामांनी सुट्टीच घेतली होती. ते म्हणाले, "माझा पण लॅपटॉप आत अडकलाय रे," आणि इतकं समाधानाने म्हणाले की मला त्यांचाही राग आला.

मग मी माझ्या आयुष्यातली सर्वांत अवघड घासाघीस केली, कारण समोर मामी होत्या आणि मामींच्या मागे देवी होती. आधी म्हणालो, "हत्यारं होखशूलची आहेत, त्यांना नवमी लागू नाही." त्या म्हणाल्या, "पाट माझा आहे." मग म्हणालो, "मामी, भारत साडेतीन तास पुढे आहे. कराडात आत्ता दुपार झाली. तिकडे दशमी लागलीसुद्धा असेल." हा मुद्दा मला अजूनही बिनतोड वाटतो. मामी म्हणाल्या, "मग कराडात जाऊन मोज." शेवटी मी सगळी हत्यारं सोडून एकावर आलो. "एकच. फक्त कॅमेरा. तो हत्यार नाहीच, तो नुसता बघतो. बघायला देवीची ना आहे का?" मामींनी विचार केला, देवीला नमस्कार केला, कॅमेऱ्यावर एक पळी पाणी सोडायला निघाल्या, आणि मी झडप घालून तो उचलला.

बरोबर दहाला बेल वाजली. कांदेसर आणि फ्राउ लांगहान्स जिन्यातच भेटून एकत्र वर आले होते. कांदेसर पाटासमोर थबकले. मीटरवरच्या कुंकवाकडे वाकून पाहत त्यांनी मला विचारलं, "ही यंत्रं तपासून प्रमाणित केलेली आहेत ना?"

"आजच केली," मी म्हणालो. "वर्षातून एकदा करतात."

"गेनाऊ," मामी म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर.

कांदेसरांनी खिशातली स्वतःची हातोडी काढून पाटाकडे पाहिलं. मामींनी ती त्यांच्या हातातून अलगद घेतली, कुंकू लावलं आणि माझ्या हातोडीशेजारी ठेवून दिली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा प्राध्यापक हात जोडून उभे होते. म्हणजे आता परीक्षकाचंही हत्यार पुजलं गेलं होतं.

फ्राउ लांगहान्सना मामींनी स्वयंपाकघरात बसवलं आणि मी कांदेसरांना झोपायच्या खोलीत नेलं. हातरुमालाने काच पुसून पुसून कुंकू काढलं आणि कॅमेरा कोपऱ्यावर धरला. काय दिसलं म्हणून सांगू! सगळी भिंत पिवळी-केशरी, आणि बाल्कनीच्या बाजूने एक गडद निळी जीभ आत घुसलेली, नेमकी बुरशीच्या जागेपर्यंत. मी हाताने हवेत स्लॅब काढून दाखवला, थंडी कुठून येते, कुठे थांबते, हवा किती कोरडी ठेवली तरी हा कोपरा का भिजतो. कांदेसर दर वाक्याला मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "जेअर गूट," म्हणजे फार छान. त्या माणसाने सबंध सत्रात कुणाला 'जेअर गूट' म्हटलं नव्हतं, 'गूट' म्हणतानाही ते खिडकीबाहेर बघायचे. मला त्या गुटाख्टरच्या कार्यालयातली माझी खुर्ची दिसू लागली. आता फक्त दोन्ही पक्षांसमोर निकाल सांगायचा होता. मी ताठ होऊन स्वयंपाकघरात गेलो.

तिथे दोन्ही पक्ष हसत होते. फ्राउ लांगहान्सच्या ताटलीत कडाकणी, ओठावर पिठीसाखर, आणि मामींच्या चेहऱ्यावर ते 'बरं' म्हणतानाचे भाव. बाई मला म्हणाल्या, "हेर दिनकर, तुम्हाला त्रास घ्यायची गरज नाही. तुमच्या मामींनी सगळं खरं सांगितलं."

"काय खरं?"

मामींनी त्यांच्या जर्मनमध्ये पुन्हा सांगितलं, माझ्याकडे न बघता. "इख निष्ट ल्युफ्टन. फेन्स्टर इमर त्सू. माइन श्युल्ड." मी हवा देत नाही. खिडकी कायम बंद. चूक माझी.

मी मराठीत किंचाळलो. "मामी! खोटं! माकडटोपी घालून उभ्या राहत होतात तुम्ही!"

"ती मला शोभते म्हणून घालत होते."

"रामरक्षा म्हणत होतात!"

"ती मी कुठेही म्हणते."

"पण दोष घराचा आहे! निळी जीभ दिसली आत्ता! सरांनी पाहिली!"

"दिसू दे," मामी हळूच म्हणाल्या. "अरे, घरमालकिणीला तिचं घर वाईट आहे म्हणून सिद्ध करून दाखवलं, तर ती घर चांगलं करील का मला काढील? पुतण्या बॅग भरून बसलाय तिचा. तुझं कागदावर जिंकून होईल. मला इथे राहायचंय."

सौदा झाला होता तो असा. मामींनी चूक कबूल करायची. बदल्यात बाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडून वाफ बाहेर काढणारा पंखा बसवायचा, तो कोपरा रंगवून द्यायचा, मागच्या अंगणात मामींना उन्हाळी वाळवण घालू द्यायचं, आणि पुतण्याने ओफनबाखला घर बघायचं. हे सगळं मी आत निळी जीभ दाखवत होतो तेवढ्या वेळात. कडाकणीवर. माझ्यासारख्या माणसाच्या घरात, माझ्या पाठीमागे, मला न विचारता!

मी कांदेसरांकडे वळलो. "सर, हा कबुलीजबाब खोटा आहे. मोजमाप माझ्या बाजूने आहे."

कांदेसर तोवर खुर्चीवर बसले होते. मामींनी त्यांच्यापुढे पुरणपोळी ठेवली होती, वर तूप. त्यांनी पहिला घास खाल्ला आणि अतिशय दुःखाने म्हणाले, "मोजमाप उत्कृष्ट आहे. पण आता इथे भांडण नाही. भांडण नसेल तर गुटाख्टर कशाला? नियम तसा आहे."

"मी भांडतोय ना!" मी म्हणालो. "मी भांडतोय!"

"तुम्ही पक्ष नाही आहात," ते म्हणाले, आणि दुसरी पोळी मागितली.

मग मी जे बोललो ते लिहीत नाही. ते तीन भाषांत होतं आणि त्यातली एक मला नीट येत नव्हती. फ्राउ लांगहान्सनी मामींना विचारलं की हा नेहमी असा असतो का. मामी म्हणाल्या, "भूक." माझ्यापुढे ताट आलं. मी निषेध म्हणून पहिल्या पोळीवर तूप घेतलं नाही. दुसरीवर घेतलं, कारण त्यात पोळीचा दोष नव्हता. हत्यारं मला दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेनंतरच मिळाली. कांदेसर स्वतःची हातोडी न्यायला पुन्हा आले. खरं म्हणजे ती त्यांना आदल्या दिवशीही मागता आली असती.

मला दुसरं भांडण शोधावं लागलं. पुढच्या सत्रात एका गॅरेजच्या गळक्या छतावर मी पास झालो, पण खुर्ची तोवर हानोव्हरच्या एका मुलीला मिळाली होती. तिच्या केसमधली दोन भावंडं पाहणीच्या दिवशी एकमेकांच्या अंगावर धावून गेली होती, नशीब लागतं. मी नंतर म्युनिकला गेलो, एका विमा कंपनीसाठी जळकी स्वयंपाकघरं पाहत बरीच वर्षं काढली, आणि फार उशिरा, स्वतःच्या बळावर, गुटाख्टर झालो. आज माझा स्वतःचा शिक्का आहे. दर खेपेला पाहणीच्या आधी मी दोन्ही पक्षांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो आणि घरात कुणी तळण काढलं आहे का ते विचारतो. माझ्या हाताखालची पोरं याला हसतात. त्यांना मामी भेटलेल्या नाहीत.

मामा-मामी अजून त्याच घरात राहतात. पंखा चालतो. अंगणात कुरडया वाळतात आणि फ्राउ लांगहान्स काठी घेऊन कावळे हाकतात. कोपरा तीनदा रंगवून झाला. गेल्या दिवाळीत मी मुक्कामाला होतो, तर त्या कोपऱ्यात एक नवीन कपाट. मी ते ओढायला गेलो तेव्हा मामी म्हणाल्या, "राहू दे, जड आहे." मी ओढलं. मागे काळी, गोल, ताजी बुरशी.

तर मामी, हे छापून आलं की तुम्ही वाचणार आहात, आणि मामा तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवणार आहेत, म्हणून इथेच विचारतो. पंखा आहे, वाफ बाहेर जाते, खिडक्या तुम्ही आता स्वतःहून उघडता, मग ही बुरशी आली कुठून? मला गोड काही नको, जेवून जा म्हणू नका, विषय बदलू नका. फ्राउ लांगहान्सना वर बोलवा, त्या कपाटापुढे उभ्या राहा, आणि ज्या तीन वाक्यांत तेव्हा कबूल केलंत तेवढ्याच तीन वाक्यांत, जर्मनमध्ये, सांगा: त्या दिवशी खरं कोण बोलत होतं, तुम्ही की ती भिंत?